चार आण्यांचा रसिक

श्रोतेहो, ज्याला कॅमेऱ्याची कळ कोठे असते हेही ठाऊक नाही, अशा माणसाने चित्रपटांवर मत द्यावे की नाही, हा प्रश्न वाटतो तितका हलका नाही. एके काळी सरकारने पैसे खर्चून या प्रश्नाची चौकशी केली होती. माझ्यासारख्या अधूनमधून चित्रपट पाहणाऱ्या गृहस्थाने आज आपल्यापुढे चार पटांविषयी मनातले बोलावयाचे म्हणजे त्या जुन्या चौकशीपासूनच आरंभ करणे बरे. कारण तीत आमच्या नागपूरचाही संबंध आलेला आहे.

१९२७ च्या ऑक्टोबरात मद्रासचे नामांकित वकील टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली हिंदुस्थान सरकारने एक चित्रपट-चौकशी समिती नेमली. निमित्त मोठे गमतीचे होते. अमेरिकन मूकपटांत गोरी माणसे चोऱ्या करताना, मद्य पिताना आणि गोऱ्या स्त्रिया नको तितक्या मोकळेपणाने वागताना दिसत. ते पाहून हिंदी माणसाच्या मनातील साहेबाविषयीचा दरारा उणा होतो, अशी विलायतेत ओरड होती. अमेरिकन पटांनी ब्रिटिश पटांची बाजारपेठ बळकावली होती, हे त्या ओरडीतील दुसरे आणि कदाचित खरे दुखणे. समितीने ४,३२५ प्रश्नपत्रिका पाठविल्या, ३५३ साक्षीदार तपासले, आणि मुंबई, कराची, लाहोर, पेशावर, लखनौ, कलकत्ता, मद्रास, रंगून अशी भ्रमंती करीत ती साक्षी नोंदविण्यास नागपुरासही येऊन गेली. १९२८ साली अहवाल निघाला. साहेबाच्या अब्रूचे चित्रपटामुळे म्हणण्यासारखे काही नुकसान झाल्याचे समितीस आढळले नाही.

या अहवालापेक्षा मला कुतूहल आहे ते प्रश्नपत्रिका कोणाकडे गेल्या याचे. त्या गेल्या बहुतांशी अधिकारी, वकील, अध्यापक, धर्मोपदेशक, संपादक आणि चित्रगृहांचे चालक यांच्याकडे. अशिक्षित प्रेक्षकावर चित्रपटाचा काय परिणाम होतो, हे त्या प्रेक्षकास सोडून इतरांस विचारण्यात आले. दोन-चार आण्यांचे तिकीट काढून पडद्याला अगदी चिकटून बसणारा माणूस भोळा आहे, त्याला भलेबुरे कळत नाही, तेव्हा त्याच्या वतीने कोणीतरी विचार केला पाहिजे, हे गृहीतच होते. १९१८ चा सिनेमॅटोग्राफ कायदा आणि १९२० साली मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथे स्थापन झालेली परीक्षण मंडळे याच गृहीतावर उभी होती.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. ती प्रश्नपत्रिका महात्मा गांधींकडेही गेली होती. त्यांनी प्रामाणिकपणे कळविले, की आपण कधी चित्रगृहात गेलेलो नाही, म्हणून उत्तरे देण्यास आपण पात्र नाही. आणि त्याच पत्रात हेही लिहिले, की बाहेरून पाहणाऱ्यालाही या वस्तूने केलेला अनर्थ स्पष्ट दिसतो. महात्माजींविषयी पूर्ण आदर बाळगूनही मला म्हणावेसे वाटते, की न पाहिलेल्या पटावर मत देण्याचा मान मोठ्यांना मिळाला आणि पाहणाऱ्यास कोणी विचारले नाही. पुढे १९३९ साली ख्वाजा अहमद अब्बास यांनी या मताविरुद्ध त्यांना एक अनावृत पत्र लिहिले, आणि १९४४ मध्ये महात्माजींनी विजय भट्टांचा ‘रामराज्य’ पाहिला. तो पाहून त्यांचे मत किती बदलले, हा निराळा विषय.

आता हे गृहीत कितपत खरे होते ते पाहू. आपल्या चित्रपटाचा जन्मच मुळी एका प्रेक्षकाच्या मतातून झाला. १९१०-११ च्या सुमारास धुंडिराज गोविंद फाळके नावाचे, छपाईच्या धंद्यातून बाहेर पडलेले एक गृहस्थ मुंबईत ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहावयास गेले. त्यांनी पुढे ‘नवयुग’ मासिकात स्वतःच लिहिले आहे, की पडद्यावर ख्रिस्त सरकत होता आणि आपल्या डोळ्यांपुढे मात्र राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या उभी राहत होती. यास काय म्हणावयाचे? समीक्षा तर नव्हेच. पैसे देऊन बसलेल्या माणसाने पडद्याशी मनातल्या मनात घातलेला तो वाद होता. त्यानंतर त्यांनी पत्नी सरस्वतीबाईंनाही खेळ दाखविला, पुढे महिनोन्महिने रोज इतके पट पाहिले की दृष्टी अधू झाली, आणि विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून १९१२ साली लंडनला जाऊन यंत्रसामग्री आणली. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

लागला खरा, पण चार आण्यांचा रसिक लगेच भुलला असे नाही. सुरतेची हकिकत सांगतात. तेथे लोकांचा हिशेब साधा होता: नाटकवाले तितक्याच पैशात सहा तास करमणूक करतात, हे गृहस्थ दीड तासात वाटेला लावणार! तेव्हा फाळक्यांनी जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचा पट, आणि दर अवघा तीन आणे. गर्दी झाली. हसण्यासारखी गोष्ट आहे, पण तिच्यात प्रेक्षकाचा मूर्खपणा मला दिसत नाही. नव्या मालाचे मोल कशाने मोजावयाचे हे त्याला माहीत नव्हते, म्हणून त्याने ते जुन्या मापाने मोजले; आणि फाळक्यांनी त्याला त्याच्याच मापाचे उत्तर दिले.

आता माझ्याकडे वळतो. आमचे बुटीबोरी नागपूरच्या दक्षिणेस आठ-नऊ कोसांवर, वर्ध्याच्या वाटेवर आहे. १८६७ साली मुंबईहून नागपुरास आलेली रेल्वे याच गावावरून पुढे गेली. आज गावाचे नाव घेतले की लोकांना औद्योगिक वसाहत आठवते; कारखान्यांची धुराडी, पाळी सुटल्यावर रस्ताभर पसरणाऱ्या सायकली आणि फटफट्या, आणि दहा प्रांतांच्या बोली. चित्रपट पाहावयाचा तर नागपूर गाठावे, नाहीतर घरात बसून लहान पडद्यावर पाहावा. मी गेल्या पावसाळ्यात दुसरा मार्ग धरला आणि प्रभातचे जुने तीन बोलपट व नागपुरात चित्रित झालेला एक अलीकडचा पट असे चार ओळीने पाहिले. चौघांचाही बोलबाला मोठा. मला काय वाटले, ते भीडभाड न ठेवता सांगतो.

पहिला ‘संत तुकाराम’. दामले आणि फत्तेलाल यांचा १९३६ चा हा पट मुंबईच्या सेंट्रल चित्रगृहात सत्तावन्न आठवडे चालला, आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीस तुकारामाच्या भूमिकेत असे काही विरघळून गेले आहेत, की कित्येकांनी पुढे त्यांच्या पायांवर डोके ठेवले, असे सांगतात. हे सारे मान्य. परंतु श्रोतेहो, मला या पटात तुकारामापेक्षा आवली अधिक खरी वाटली. गौरी या नटीने ती रंगविली आहे. पोर आजारी, घरात दाणा नाही, नवरा विठ्ठलाच्या नादी लागलेला. अशा वेळी ती देवळात शिरून प्रत्यक्ष पांडुरंगाला पायताण दाखविते. त्या क्षणी तिच्या मुद्रेवर पाखंड नाही की विनोदही नाही. आहे तो फक्त संसार. सालोमालो मात्र मला फार स्वस्तात काढलेला खलपुरुष वाटला. पाहताक्षणी जो लबाड दिसतो, त्याच्या लबाडीचे गावास कळण्यास इतका वेळ का लागावा?

आणि ते चमत्कार! धान्याचा पाऊस, गाथा परत आणणारी इंद्रायणी, गरुडाचे विमान. विद्वान मंडळी या ठिकाणी किंचित ओशाळतात आणि ‘त्या काळाच्या मानाने यंत्रकौशल्य चांगले’ म्हणून पुढे सरकतात. मला वाटते, खेड्यातील प्रेक्षक त्यांच्याहून अधिक जाणता होता. विमान खोटे आहे हे त्यालाही दिसत होते. तो हात जोडीत होता तो विमानाला नव्हे, विमानाकडे पाहत मागे राहिलेल्या आवलीकडे पाहून त्याला जे वाटले त्याला. कीर्तनात बुवांनी उपरण्याचे टोक हनुवटीशी धरले की ते गवळणीचा पदर होते. श्रोता टाळी वाजवितो, पण उपरणे उपरणेच आहे हे काही तो विसरत नाही. या पटासाठी शांताराम आठवल्यांनी रचलेले एक पद इतके अस्सल उतरले, की ते मूळचे तुकोबांचेच आहे अशी जाणत्यांचीही समजूत झाली आणि गाथेत त्याचा शोध झाला म्हणतात. तेव्हा फसावयाचेच म्हटले, तर विद्वत्ता आड येत नाही.

याच प्रभातच्या दुसऱ्या एका पटाची आठवण येथे केली पाहिजे. १९३५ साली शांताराम बापूंनी बालगंधर्वांना एकनाथांच्या भूमिकेत उभे केले. पटाचे नाव प्रथम ‘महात्मा’ होते. ते नाव परीक्षण मंडळास राजकीय वासाचे वाटले, म्हणून ‘धर्मात्मा’ झाले. परीक्षकांना काळजी होती, की भोळे लोक नाव पाहून भलताच अर्थ काढतील. लोकांची अडचण वेगळीच निघाली. ज्या बालगंधर्वांना रंगभूमीवर सिंधू, भामिनी, रुक्मिणी म्हणून उराशी धरले, ते धोतर-उपरण्यात पुरुष होऊन आले, तेव्हा प्रेक्षकास चुकल्यासारखे झाले. पट अपेक्षेप्रमाणे चालला नाही आणि प्रभातची व गंधर्वांची भागीदारी त्या एका चित्रावरच थांबली. महाराष्ट्राने ज्यांच्यावर जीव ओवाळून टाकला, त्यांच्याविषयीही महाराष्ट्राने तिकिटाच्या खिडकीवर खरे ते सांगितले. भक्ती आणि निकाल या दोन गोष्टी तो प्रेक्षक वेगळ्या ठेवीत असे.

मी पाहिलेला दुसरा पट ‘कुंकू’, १९३७ चा. नारायण हरि आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून शांताराम बापूंनी तो केला. थोराड, विधुर वकील काकासाहेबांशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा त्यांना पती म्हणून स्वीकारावयास नकार देते. शांता आपट्यांचा करारीपणा पाहून आजही मान ताठ होते. पार्श्वसंगीत नाही, घड्याळाची टिकटिक, दाराची कुरकुर, रस्त्यावरचे आवाज एवढ्यावर पट पेलला आहे. त्या जुन्या मोठ्या घड्याळाने तर काकासाहेबांची जागाच घेतली आहे. इतके उत्तम असूनही शेवटाशी मी अडलो. काकासाहेबांना आपली चूक उमगते, ते मरणास कवटाळतात, आणि नीरा मोकळी होते. ही मोकळीक मला पटेना. केशवराव दात्यांनी तो म्हातारा असा उभा केला आहे की त्याची कीव यावी. आणि ज्याची कीव आली त्याला मारून गोष्ट सोडविली, तर मूळ प्रश्न त्याच्याबरोबर सरणावर गेला असे होत नाही काय?

परंतु पुन्हा विचार करता, या ठिकाणी दिग्दर्शकावर सगळा दोष ठेवता येणार नाही असे दिसून आले. १९३७ साली मुंबई इलाख्यातील हिंदू स्त्रीस घटस्फोट मागण्याची कायद्याने सोयच नव्हती. तो कायदा मुंबई प्रांतात १९४७ साली झाला, आणि सर्व देशासाठी हिंदू विवाह कायदा आला तो १९५५ मध्ये. नीरेने न्यायालयाचे दार ठोठावले असते, तरी आत कोणी नव्हते. कथेने तिला जिवंत नवऱ्यापासून सोडवावयाचे कसे? काकासाहेबांचा मृत्यू हा कथेचा दुबळेपणा आहेच, पण तो त्या काळच्या कायद्याचाही दुबळेपणा आहे. ज्या बायका दुपारच्या खेळास पदर डोळ्यांस लावून बसल्या असतील, त्यांना हे कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्यांच्यापैकी कितीजणींच्या घरी तसले घड्याळ वाजत असेल!

तिसरा ‘शेजारी’, १९४१ चा. या पटाची स्तुती सदैव एकाच कारणासाठी होते: जिवबा पाटील आणि मिर्झा, हिंदू आणि मुसलमान, बुद्धिबळाच्या पटावर जडलेली मैत्री, तिच्यात पडलेली फूट, आणि अखेरीस धरणाच्या लोंढ्यात हातात हात घालून दोघांनी घेतलेला निरोप. केशवराव दाते पाटील झाले आहेत आणि गजानन जागीरदार मिर्झा. हिंदी ‘पडोसी’त तर हिंदू ठाकूर मझहर खानांनी केला आणि मिर्झा जागीरदारांनीच. पात्राचा धर्म एक आणि नटाचा दुसरा, हे पाहून कोणा प्रेक्षकाने तिकिटाचे पैसे परत मागितल्याचे ऐकिवात नाही.

मी बुटीबोरीत बसून हा पट पाहिला, तेव्हा माझी नजर मात्र दुसरीकडेच खिळली. भांडण लागते कशावरून? धर्मावरून मुळीच नाही. ओंकार नावाच्या कारखानदारास धरण बांधावयाचे आहे, त्यासाठी गावची जमीन हवी आहे, आणि गाव एकमुखाने नाही म्हणते तोवर ती मिळत नाही. म्हणून गावाची दोन मुखे करावयाची. एवढा साधा डाव आहे. मैत्रीची गोष्ट गोड आहे म्हणून सारे तिच्याविषयी बोलतात, आणि जमिनीची गोष्ट तिच्या सावलीत राहते. ज्या गावांच्या शिवारांत औद्योगिक वसाहती उठल्या, तेथील माणसास पटाचा पहिला अर्धा भाग पाहताना कोणी टीप द्यावी लागत नाही. जमीन द्यावी की राखावी यावरून सख्ख्या भावांत अबोला कसा येतो, मोबदल्याच्या पैशांनी कोणाचे घर उठते आणि कोणाचे बसते, हे तो पाहून बसलेला असतो. माझी तक्रार एवढीच, की शांताराम बापूंनी शेवटी धरण फोडून टाकले. देखावा अप्रतिम आहे, परंतु गावांच्या नशिबी सहसा धरण फुटण्याचा योग येत नाही. धरण उभे राहते, कारखाना चालू होतो, आणि पाटलाचा नातू तेथे पाळीवर जाऊ लागतो. त्या नातवाचा बोलपट अजून व्हावयाचा आहे.

चौथा पट या तिघांहून ऐंशीहून अधिक वर्षांनी लहान. नागराज मंजुळ्यांचा ‘झुंड’, मार्च १९२२ नव्हे, २०२२. शंभर वर्षांचा फरक जिभेवर किती सहज येतो पाहा! नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातून निवृत्त झालेले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतील मुलांना फुटबॉलला लावले, ‘स्लम सॉकर’ उभे केले, त्या हकिकतीवर तो बेतला आहे. पावसात मुले एक फुटकी बादली लाथाडीत होती, तेथून या कार्याचे बीज पडले. शिक्षकाच्या भूमिकेत अमिताभ बच्चन आहेत, आणि मुलांपैकी कित्येक नागपूरच्या वस्त्यांतूनच उचललेली आहेत.

प्रथम दोष सांगतो. पट लांब आहे. तीन तासांना दोन-चार मिनिटे कमी. महाविद्यालयाच्या संघाशी होणारा सामना झाल्यावर गोष्टीचा दम सुटतो आणि न्यायालयात मोठ्या नटास भाषण दिले आहे, जे त्याच्या अगोदरच्या दृश्यांनी भाषणावाचून सांगितलेलेच असते. ‘सैराट’ने २०१६ साली जी गर्दी खेचली, तशी यास लाभली नाही, यात मला नवल वाटत नाही. पण आता दुसरी बाजू. या पटात नागपूरची बोली आहे, धेडगुजरी, हिंदी-मराठीच्या सांध्यावर उभी असलेली, आणि ती विनोदासाठी वापरलेली नाही. आजवर आमच्याकडची माणसे पडद्यावर आली म्हणजे ‘काहून बे’ म्हणून हशा पिकवावयास येत. येथे ती रडतात, भांडतात, प्रेम करतात, तीही त्याच बोलीत. आंबेडकर जयंतीची मिरवणूक आहे, आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे तो उंच नट हात जोडतो. १९५६ साली ज्या शहरात दीक्षेचा सोहळा झाला, त्या शहरातील प्रेक्षकास हे दृश्य बड्या हिंदी चित्रपटात पाहावयास किती वर्षे थांबावे लागले, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

सर्वांत मोलाचा भाग मात्र फुटबॉलचा नाहीच. खेळण्यासाठी परदेशी जावयाचे म्हणून एका आदिवासी मुलीस पारपत्र हवे आहे. ती आणि तिचा बाप आपण कोण आहोत हे सिद्ध करणारा कागद शोधीत दारोदार हिंडतात. रिंकू राजगुरूने ती मुलगी केली आहे. फारसे संवाद नाहीत. नुसते चालणे, थांबणे, पुन्हा चालणे. आवलीने देवास पायताण दाखविले. या बापाला पायताण कोणाला दाखवावे हेही कळत नाही.

माझ्या शेजारी एक फिटर राहतात. मूळचे चंद्रपुराकडील, वसाहतीतील एका कारखान्यात पाळीवर जातात. वृत्तपत्रांत ‘झुंड’वर काय लिहून आले ते त्यांनी वाचलेले नाही. त्यांनी तो नागपुरास जाऊन, घरच्या पाच माणसांची तिकिटे काढून पाहिला होता. मी त्यांना विचारले, कसा वाटला? ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “लंबा हाये भाऊ. अर्धा तास कापला असता तरी चाललं असतं.” मी म्हटले, कोणता अर्धा तास? “कोणताबी कापा. कोर्टाचा कापा, गाण्याचा कापा. त्या बापलेकीच्या कागदाचा मात्र कापू नका. मी पोरीच्या दाखल्यासाठी चौदा चकरा मारल्या, अन् हे तर पाच मिन्टात दाखवून ऱ्हायले.”